उकंडरावाच्या दाराला हात लावू नका

…तर रंग म्हनू नका हो त्याला! रंग? आत्ता येताना बघितलं ना तुमी बी त्या कोपऱ्यावरचं दार? रंग दिला का शेणानं सारवलं? ब्रशाच्या रेघा अशा, की वाटावं दारावर वखर फिरवलाय! इकडं थेंब ओघळून वाळलेला, तिकडं ब्रशाचा केस चिकटलेला, मधी एक डास, बिचारा पाय वर करून… अन् मालक छाती काढून इचारतो, "कसं झालंय?" काय सांगू त्याला? ब्येस झालंय म्हनलं. आपल्याला गावात राहायचंय. पर खरं सांगतो तुमाला, ज्यानं आमच्या कुरुंद्यात उकंडरावाचं दार बघितलंय, त्याला दुसऱ्या दाराला ब्येस म्हनायचं म्हंजी जिभेला तकलीफ व्हती. बघितलं न्हाई तुमी? मंग कुरुंद्यात येऊन बघितलं काय? हळद? हळद काय कुठंबी बघाय मिळती!

माझं घर त्याच्या समोर. म्हंजी माझं नशीब बघा, सकाळी उठून दार उघडलं की समोर त्याचं दार, अन् वळून बघितलं की माझं! चार सालं झाली, मी वळून बघायचंच सोडलं.

आता तुमाला वाटंल उकंडराव पेंटर असंल. छ्या! शेतकरी मानूस. बाप शेतकरी, आजा शेतकरी, ब्रश म्हंजी काय ते घरात कुनाला ठावं न्हाई. एकदा वसमतला सरकीची पेंड आनायला गेला, अन् गाडीचा आस दुरुस्त होईस्तवर एका झाडाखाली बसला. तिथं किसनसिंग म्हून एक मानूस ट्रक रंगवून राहिला व्हता. उकंडराव बसला ते बसलाच! आस दुरुस्त झाला, बैलं हंबरून दमली, ह्यो उठंना. शेवटी किसनसिंगच म्हनला, "क्या देख रहे पाटील?" ह्यो म्हनतो, "तुमचा ब्रश कुठं गेला?" किसनसिंग म्हनला, "ये क्या, हाथ में है!" ह्यो म्हनतो, "हातात हाय, पर रंगात दिसंना की!" मंग किसनसिंग हासला, म्हनला, "पाटील, ब्रश चलना चाहिए, दिखना नहीं चाहिए." बस्स! तेवढं वाक्य घेऊन उकंडराव घरला आला. पेंड तिथंच राहिली. अन् वसमतहून कुरुंद्याला येईस्तवर त्या वाक्याची मराठी झाली व्हती: "ब्रश दिसला, की रंग नासला!"

त्या दिवसापासून हेच! पाट रंगवला, पेटी रंगवली, गाडीच्या साट्या रंगवल्या, अन् दरवेळी रंगवून झालं की डोळे बारीक करून, मान वाकडी करून उजेडाकडं बघायचा. ब्रशाची रेघ दिसली, की घासून काढ, पुन्हा रंगव. बायको म्हनायची, "आवं, पाटावर बसायचंय, तोंड न्हाई बघायचं त्यात." ह्यो म्हनायचा, "पारबते, ब्रश दिसला, की रंग नासला!" अन् खरं सांगू? त्या पाटात तोंड दिसायचं हो. मी बघितलंय. दाढी करावी इतकं साफ.

तर, त्याची पोरगी चांगुणा. गुणाची पोरगी. तिला डोंगरकड्याचं एक ठिकाण सांगून आलं. पोरगं नरसिंग, त्याचा बाप अमृतराव, घर तालेवार, मानसं सादी. आता त्याच्या आधीचं एक ठिकाण मोडलं व्हतं. कसं? त्या पाव्हन्याच्या मामानं नव्या रंगवलेल्या पेटीवर गरम चहाची कपबशी ठेवली! उकंडरावानं चहासगट मामाला उठवला. मामा गेला, ठिकाण गेलं, पेटीवर गोल डाग राहिला, अन् ह्यो मानूस डागासाठी हळहळला! म्हून ह्या बारीला पार्वतीबाईला धाकधूक. चांगुणा काही बोलायची न्हाई, पर एकदा माझ्या घरवालीला म्हनली, "काकू, आबाच्या रंगापायी मी अशीच राहते का काय?" सांगा आता, लेकरानं असं म्हनलं की कसं वाटतं?

अन् तरी चूक कुनी केली? पार्वतीबाईनंच! महिनाभर आधी म्हनली, "पाव्हने येनार, दार तेवढं जरा रंगवा." जरा! उकंडरावाला "जरा"?

तुमी-आमी दार रंगवायचं म्हनलं तर काय करू? डबा उघडू, काडीनं ढवळू, ब्रश बुडवू, थापू, हात धुऊ. ह्यानं आधी जुना रंग खरडला. मंग पॉलिश पेपरनं घासलं, आडवं न्हाई, लाकडाच्या रेषेनं उभं. मंग घासलेलं गुळगुळीत झालं का ते बघायचं कशानं? हातानं न्हाई! म्हनला, शेतकऱ्याच्या हाताला घट्टे, त्याला काय कळतंय? गालानं! रोज सकाळी ह्यो मानूस दाढी करून, दाराला गाल लावून, डोळे मिटून वरून खाली सरकायचा. रस्त्यानं जानारी भिकाबाई थांबली, म्हनली, "काहून रडून राहिले हो दाजी, दाराला धरून? पोरगी जायची म्हून?" ह्यो डोळे न उघडता म्हनतो, "रडत न्हाई, हितं जरा खडबड लागून राहिली!"

मंग खडूची भुकटी अन् जवसाचं त्याल मळून फटी बुजवल्या. रंगवायवाले त्याला "लांबी" म्हनतात. ह्यो आतल्या बाजूला वरडून सांगतो, "पारबते, आज दाराची लांबी भरली!" ती म्हनती, "लांबी कशी भरंल, दार व्हतं तेवढंच हाय की!" पुन्हा घासलं. अस्तर दिलं. पुन्हा घासलं. पुन्हा गाल. मंग रंग! रंग कुठला? मोरपंखी. खास नांदेडहून. डब्यातला रंग पार्वतीबाईच्या जुन्या लुगड्याच्या पदरातून गाळला, म्हनला, "ताक गाळता, रंग काहून गाळू न्हाई?" अन् ब्रश? नव्या ब्रशाचे केस गळतात म्हून आधी कितीतरी दिवस नुसता कोरडा ब्रश भिंतीवर फिरवला, अन् मंग चांगुणाच्या फणीनं इचरला! पोरीची फणी टर्पेंटाइनला वासायची, पोरीचं डोस्कं फणीला वासायचं. एवढं मात्र झालं, त्या महिन्यात तिच्या डोस्क्यात ऊ म्हून राहिली न्हाई.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, म्हंजी पुढं घोटाळा काय झाला ते कळंल. रंगवायवाले रंगाचा एक थर दिला की त्याला "एक हात" म्हनतात. पहिला हात, दुसरा हात, असं. तर उकंडरावाचा पहिला हात झाला, अन् वाळायच्या आत मुंजाजीनं घात केला. मुंजाजीचं खळं ह्याच्या घराला लागून, अन् चैताचे दिवस, वाळलेली हळद घासणं चालू. ती पिवळी धूळ उडून उडून बसली की दारावर! मोरपंखीवर पिवळं, म्हंजी दार पोपटी व्हायला लागलं. उकंडराव गेला धावत. "मुंजाजी, तुझी हळद थांबव!" मुंजाजी म्हनला, "काहून? हळद तुझ्या दाराला इचारून पिकवलीय का मी?" रोज भांडण. ह्यो रोज दार घासायचा, त्यो रोज हळद घासायचा. दोघं बी घासून घासून बेजार!

शेवटी पाव्हन्याचा दिवस आला. अन् मुंजाजी मानूस तसा चांगला. म्हनला, चांगुणाचं काम हाय, आज एक दिवस माझी हळद बंद. सकाळ उजाडली. धूळ न्हाई. वारा न्हाई. पान हलत न्हाई. आता दुसऱ्या कुनाला वाटलं असतं, चला, पाव्हन्याला बसाय बरं झालं. उकंडरावाला काय वाटलं? असा दिवस पुन्हा येनार न्हाई! दुसरा हात आजच!

अन् सांगतो तुमाला, त्या सकाळी मी माझ्या ओट्यावर तंबाखू मळत बसलो व्हतो, ते तसाच तंबाखू हातात धरून बघत राहिलो. अंगनात पानी शिंपडलं त्यानं, धूळ बसवायला. अंगातली बंडी काढली, तिचा धागा उडू न्हाई म्हून. दाराच्या दोन्ही फळ्या वढून घेतल्या. अन् ब्रशाचं नुसतं टोक रंगात बुडवून जे सुरू केलं… एक पट्टा आडवा पसरायचा, त्याच्यावर उभा, अन् शेवटी ब्रश झटकून, मोकळा करून, नुसती टोकं टेकवून वरून खाली एकच वढ. श्वास रोखून! वढ संपली की श्वास सोडायचा, तोंड बाजूला करून. पट्टा ओला हाय तवरच पुढला भिडवायचा, मागं म्हून वळायचं न्हाई. अन् रंग काय करायचा म्हाईत हाय? ब्रश उचलला की रेघा दिसायच्या… अन् बघता बघता मिटून जायच्या! आपल्या आपुन! मी वरडलो, "वा रे उकंडराव!" त्यो हात वर करून म्हनला, "गप! थुंकी उडंल!" रस्ता मधी हाय हो! माझी थुंकी काय वसमतला जाती का?

दार झालं. अन् आतून आवाज. पार्वतीबाई! "आवं, हे काय करून बसले? दार उघडा!" ह्यो म्हनतो, "आता सांजच्यापतुर न्हाई. उघडलं तर दोन्ही फळ्याच्या कडा घासतील." "अन् पाव्हने?" "बाहीर बसतील." "अन् पोरगी आत हाय, मी आत हाय, सुशीला आत हाय, त्याचं?" नावाची सुशीला न्हाई हो, आपला मुरमुऱ्याचा सुशीला, पाव्हन्यासाठी केलेला. मागलं दार हाय का? न्हाई. मागं मुंजाजीची भिंत. खिडकी हाय एक, दाराच्या बाजूला, तिला गज. ती बाई आत कपाळाला हात लावून बसली. अन् ह्यो मानूस बाहीर मान वाकडी करून म्हनतोय, "पारबते, कसम सांगतो, ब्रश दिसत न्हाई!"

अन् तेवढ्यात पाव्हने! अमृतराव, त्याची थोरली बहीण भागूबाई, अन् पोरगं. अमृतराव पांढरंशुभ्र धोतर, कडक टोपी. "राम राम उकंडराव!" ह्यो दोन्ही हात पसरून दारापुढं उभा, "राम राम, राम राम, तिकडून या, तिकडून! जरा लांबून! हितंच बसा, लिंबाखाली हवा लई ग्वाड हाय." हवा? पान हलत नव्हतं! म्या माझी सतरंजी आनून टाकली. काय करता, शेजारी हाय.

मंग सुरू झाला कार्यक्रम. सुशीला गजातून ताटलीत निघंना, आडवी ताटली अडकती, उभी केली की सांडती. शेवटी पार्वतीबाईनं पेल्यात भरून दिला. पाव्हने सुशीला पेल्यानं पिऊन राहिले! अन् पोरगी बघायची कशी? भागूबाई गेली खिडकीशी. म्हातारी फटकळ. म्हनली, "ये माय, तोंड दाखव. एसटीचं तिकीट काढून राहिल्यागत झालंय मला." चांगुणा हासली. हासली तशी म्हातारी बी हासली. नाव काय, शिवण येतं का, भाकर थापती का, समदं गजातून. अन् पोरगं बी गेलं खिडकीशी. आता तुमीच सांगा, बघायच्या कार्यक्रमात पोरापोरीला बोलू देतं का कुनी? दहा मानसं तोंडाकडं बघत बसतात. हितं काय झालं, समदे बाप-मानसं दाराकडं बघत बसले! नरसिंग काय इचारत व्हता, चांगुणा काय सांगत व्हती, देवाला ठावं. पर मला समोरून तिचं तोंड दिसत व्हतं. पोरीला पोरगं आवडलं व्हतं हो. लपतं का ते?

अमृतराव बी खूश. पेला खाली ठेवला, मिशा पुसल्या, उठून दाराजवळ आला. अन् दार बघून थक्कच झाला! "च्या मारी! ह्ये लाकूड हाय का काच?" आता उकंडरावाला काय, सोनं मिळालं! पर नेमकी त्याच येळी एक माशी आली. माशी! दाराभोवती घिरट्या घालून राहिली. बसती का काय, बसती का काय… उकंडरावाचा जीव त्या माशीत. अन् हिकडं अमृतराव दोन्ही हात मागं बांधून, लई ग्वाड आवाजात म्हनला, "मंग उकंडराव, काय इचार हाय? आता दोनाचे चार हात करून टाकू!"

दोनाचे चार हात! लग्नाचं म्हनला हो त्यो! अन् ह्यो, माशीवरची नजर न काढता, काय म्हनावं? म्हनला, "छ्या छ्या! न्हाई! चार हाताची काय गरजच न्हाई!"

अमृतरावाच्या मिशा थांबल्या. "म्हंजी?"

"दोन हात बास! आता कुनाचाच हात लागू द्यायचा न्हाई."

"आमचा बी न्हाई?"

"तुमचा तर बिलकूल न्हाई!" माशी खाली आली, ह्यानं फू केली, माशी वर गेली. "आवं, ज्यादा हात दिले की काय व्हतं सांगू का? वरून चकचक, अन् आतून ओलं! चार महिन्यात फुगा येतो, पापुद्रा सुटतो. असली चार हाताची नाटकं लई घरी बघितली म्या!"

मी माझ्या ओट्यावर उभाच राहिलो. खिडकीतली चांगुणा पांढरी पडली. आतून पार्वतीबाई वरडती, "आवं! आवं! ते लग्नाचं इचारून राहिले!" पर ह्याला कुठं ऐकू येतंय? माशी! अमृतराव तांबडालाल झाला. म्हनला, "उकंडराव, जबान संभाळा. वरून चकचक अन् आतून ओलं, हे आमच्या घराला म्हनता? दारात न्हाई घेतलं, बोललो न्हाई. सुशीला पेल्यानं पाजला, बोललो न्हाई. पर आता बास! चल रे नरसिंग! आक्का, ऊठ!"

अन् गेला तरातरा जोड्याकडं. आता जोडे कुठं ठेवले व्हते त्यानं? दाराच्या बाजूलाच. एक पाय उचलला, जोडा घातला. करकर वाजनारा नवा जोडा, पाय कसातरी गेला. दुसरा पाय उचलला, तोल गेला, अन् टेका घ्यायला त्यानं हात टेकवला…

थप्प!

कुठं? सांगू का? दाराच्या बराबर मधी. छातीच्या उंचीला. पाची बोटं.

माशी उडून गेली. अमृतराव हात तसाच धरून उभा, काढावा का ठेवावा कळंना. उकंडरावाकडं बघवंना हो! महिनाभराचा घासलेला, गालानं तपासलेला, लुगड्यानं गाळलेला… त्याच्या नरडीच्या शिरा फुगल्या. मी म्हनलो, झालं, आता पेटीवरच्या मामागत हा व्याही बी गेला, पोरीचं ठिकाण गेलं, मुंजाजीची हळद उगंच थांबली. त्यानं तोंड उघडलं…

अन् खिडकीतून आवाज आला, "आबा…"

एवढाच. उकंडरावानं मान वळवली. अन् महिन्याभरात पहिल्यांदा, मला वाटतं, त्यानं दार सोडून पोरीकडं बघितलं. गज धरून उभी. डोळे भरलेले. त्यो बघतच राहिला. मंग गिळला हो त्यानं तो राग! घोट गेलेला मला रस्त्यापलीकडून दिसला. अन् पुढं होऊन, अमृतरावाचं मनगट धरून, हळूच हात सोडवून घेतला, अन् म्हनला,

"असू द्या व्याहीबुवा. व्हतं असं. या, रॉकेलनं हात धुऊन देतो."

व्याहीबुवा! अमृतराव म्हनला, "आँ? आत्ता तर न्हाई म्हनले ना तुमी?" उकंडराव म्हनला, "मी? कवा?" मंग आतून पार्वतीबाईनं, बाहीरून म्या, मुंजाजीनं खळ्याच्या भिंतीवरून, समद्यांनी एकदम वरडून सांगितलं की बाबा, दाराचे हात अन् लग्नाचे हात! अमृतरावाला कळाया जरा येळ लागला. अन् कळलं तसा असा हासला, असा हासला, की मोरपंखी हातानं डोळे पुसले! कपाळ मोरपंखी, मिशा मोरपंखी, कडक टोपीवर चार बोटं मोरपंखी! उकंडराव चिंधी अन् रॉकेल घेऊन बसला व्याह्याचं तोंड पुसत. पुसता पुसता रडून राहिला व्हता. दारासाठी म्हना, पोरीसाठी म्हना. दोन्हीसाठी असंल.

आता झालं ना समदं गोड? झालं. मंग त्यानं काय केलं, डोळे पुसले, ब्रश उचलला, म्हनला, "रंग ओला हाय तवर एक वढ देतो, पंजा मिटून जाईल." अन् दाराकडं वळला.

"खबरदार!" भागूबाई! म्हातारी काठी आडवी घालून उभी. "ब्रश खाली ठेव! आरं, थापा हाय त्यो! आपल्यात लग्न ठरलं की दारावर हळदीचा थापा देतात, हितं व्याह्यानं आपल्या आपुन दिला. पाची बोटं उमटली. यापरीस मोठा शकुन कोनता? पुसशील तर बघ!"

उकंडराव म्हनला, "आक्का, थापा हळदीचा असतो, ह्यो मोरपंखी हाय!" म्हातारी म्हनली, "तुझ्या गावची हळद आज बंद हाय ना? मंग जे हाय त्यात देवानं भागवलं." बोला आता! मुंजाजीनं तर भिंतीवरून हातच जोडले. पार्वतीबाई आतून म्हनती, "हात लावाल तर मी सांजच्याला बी दार उघडनार न्हाई!"

लग्न झालं. चांगुणा डोंगरकड्याला सुखात हाय, पोराची आई झाली. अन् ते दार? मोरपंखी आरसा, मधी पंजा! अमृतराव येतो तवा आधी दारावर हात ठेवून बघतो, बराबर बसतो का, मंग आत जातो. लोकं लांबून बघाय येतात. शिरड शहापूरहून एकजण आला, दार बघून म्हनला, "बाकी समदं झकास हाय, पर हितं कुनीतरी घान केलीय."

परवा सांजच्याला मी त्याच्या ओट्यावर बसलो व्हतो. उन्हाची तिरीप दारावर आली व्हती. मी म्हनलो, "उकंडराव, मानलं बाबा तुला! चार सालं झाली, अजून साऱ्या दारात कुठं ब्रश दिसत न्हाई."

त्यानं मान वाकडी केली. डोळे बारीक केले. म्हनला, "तुला दिसत न्हाई. मला दिसतो. वर बिजागरीपाशी दिसतो, कडीखाली दिसतो, खाली उंबऱ्याजवळ तर लई दिसतो. लोकं वाहवा करतात, मी गप ऐकून घेतो." मंग एक उसासा टाकला, अन् बोट दाखवून म्हनला, "ब्रश दिसत न्हाई अशी साऱ्या दारात एकच जागा हाय… अन् ती बी व्याह्यानं रंगवलेली!"